नकाराचा घसारा

मराठी माणसाला 'नाही' म्हणता येत नाही, असा एक समज आहे. मला तो मान्य नाही. त्याला 'नाही' म्हणता येते. फक्त तो शब्द तोंडातून न काढता ते म्हणण्याची कला त्याने फार पूर्वीच साधली आहे. स्थळ पसंत नसले की 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप जाई. पत्रिका कित्येकदा पाकिटातून बाहेरसुद्धा निघालेली नसे; पण दोष मंगळाच्या नाही तर नाडीच्या माथी बसे, आणि पुढे कुणाच्या तरी लग्नात दोन्ही घरची माणसे एकाच पंगतीला बसून परस्परांना जिलबीचा आग्रह करायला मोकळी राहत. उसने पैसे मागायला आलेल्याला आधी चहा मिळे. चहाबरोबर बिस्किटेही आली म्हणजे तो बापडा काय ते ओळखी. नोकरीच्या ठिकाणी 'कळवतो' म्हणत. आणि मासिकांचे संपादक 'साभार परत' म्हणत.

या शेवटच्या प्रकाराशी माझा परिचय अंमळ जास्तच आहे. कॉलेजात असताना, म्हणजे विसावे शतक संपता संपता, मी कथा लिहीत असे आणि टपालाने पाठवीत असे. सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले, पुरेशी तिकिटे लावलेले पाकीट जोडावे, अशी अट असे. महिन्या-दोन महिन्यांनी पोस्टमन दारात आला आणि त्याच्या हातातल्या पाकिटावर आपलेच अक्षर दिसले, की ते उघडण्याची गरज उरत नसे. आपल्याच हस्ताक्षरात आणि आपल्याच खर्चाने आलेला नकार! त्या वेळी मला त्या दोन शब्दांचा संताप येई. आता मात्र त्यांत एक खानदानी रीत दिसते. 'साभार' म्हणजे तुमची वस्तू आमच्यापर्यंत पोचली, आम्ही ती उघडली, तुम्ही आठवण ठेवलीत याबद्दल आभार. 'परत' म्हणजे ती आता पुन्हा तुमची झाली. दुसऱ्या संपादकाकडे धाडा, नाही तर माळ्यावर टाका. दोन्ही शब्द त्या कागदांविषयी बोलतात. लिहिणाऱ्याविषयी ते चकार शब्द काढीत नाहीत.

हे सगळे मनात घोळू लागले ते माझ्या भाचीमुळे.

भाची नाशिकची. इंजिनिअर झाली, पुण्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत दोन वर्षे राबली, आणि मग ती अवघड प्रवेशपरीक्षा देऊन परराज्यातल्या एका नामांकित व्यवस्थापन संस्थेत दाखल झाली. फीसाठी वीस लाखांच्या वर कर्ज काढावे लागले. माझे मेहुणे जिल्हा परिषदेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कर्जांच्या नोंदी करणाऱ्या त्या माणसाने स्वतःच्या नावावर घेतलेले एवढे मोठे कर्ज हेच पहिले.

तिथला अभ्यासक्रम दोन वर्षांचा. जूनमध्ये मुले येतात. चार-पाच महिने होतात न होतात, पहिल्या परीक्षांची शाई वाळते न वाळते, तोच दिवाळीच्या सुमारास पुढच्या उन्हाळ्यातल्या आठ-दहा आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी कंपन्या निवड करू लागतात. इंटर्नशिपला आपल्याकडे 'उमेदवारी' असा जुना शब्द आहे. आपल्या आजोबांच्या पिढीत कचेरीत जागा रिकामी होईपर्यंत बिनपगारी खर्डेघाशी करणाऱ्याला उमेदवार म्हणत. उमेद हा मूळचा फारसी शब्द. उमेद धरून बसलेला तो उमेदवार. आताच्या उमेदवारीत भरपूर विद्यावेतन असते, एवढाच काय तो फरक. आठ-दहा आठवड्यांच्या कामासाठी एवढा आटापिटा कशाला, असे मी भाचीला एकदा विचारले होते. तेव्हा तिने समजावून सांगितले, की काम पसंत पडले तर त्याच कंपनीकडून कायम नोकरीचे बोलावणे शिक्षण संपण्याआधीच येते. कंपन्यांची खरेदी-विक्री जुळवून देणाऱ्या आणि त्यांना भांडवल उभे करून देणाऱ्या ज्या बड्या पेढ्या आहेत, त्यांच्यात शिरण्याचा तर हाच राजरस्ता. म्हणून सर्वांच्या नजरा निवडीच्या पहिल्या दिवसाकडे लागलेल्या असतात. त्या दिवसाला 'डे झीरो' म्हणतात. मोजणी शून्यापासून सुरू होते, हेही एका परीने खरेच.

या सगळ्याची पूर्वतयारी म्हणजे एका पानात बसवलेले आयुष्य. दहावीचे गुण, बारावीचे गुण, पदवीचे गुण, कुठे काय केले, किती जणांत कितवा क्रमांक आला; आणि प्रत्येक ओळीला पुरावा हवा. भाचीच्या पानावर शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेतले दुसरे बक्षीस होते. त्याच्या प्रमाणपत्रासाठी ताईने माळ्यावरची पेटी दोनदा उपसली. ते सापडले तेव्हा घरात पहिले बक्षीस मिळाल्याचा आनंद झाला.

तिने चौदा पेढ्यांकडे अर्ज केले. तीन ठिकाणचे मुलाखतीचे बोलावणे आले. उरलेल्या अकरांनी काही कळवले नाही. त्यांनी आपापल्या याद्या लावल्या, आणि यादीत नाव नसणे हाच निरोप. मग तो दिवस उजाडला. सकाळी एका खोलीत, दुपारी दुसऱ्या, पुन्हा पहिल्या, अशी काळा कोट घातलेली मुलेमुली फिरत होती. एका पेढीने तिला तिसऱ्या फेरीपर्यंत नेले आणि बाहेर थांबायला सांगितले. ती थांबली. दोन तास थांबली. अखेरीस व्यवस्थेतला एक विद्यार्थी खुर्च्या उचलायला आला, तेव्हा त्याच्याकडून कळले, की त्या पेढीची माणसे केव्हाच विमानतळाकडे निघून गेली होती. त्याच संध्याकाळी तिच्या खोलीतल्या मैत्रिणीची निवड झाली. मैत्रिणीने पेढे आणले होते. भाचीने एक खाल्ला. "चांगला होता रे पेढा," असे तिने मला नंतर सांगितले. ते सांगतानाचा तिचा आवाज मी विसरलेलो नाही.

ही हकिगत २०२४ च्या दिवाळीतली. मी नेहमीप्रमाणे भाऊबीजेला नाशिकला गेलो, तेव्हा मला यातले काही ठाऊक नव्हते. भाची इतकी हसतमुख होती की मला संशय आला. जेवण झाल्यावर ती मला गॅलरीत घेऊन गेली आणि तिने सर्व सांगितले. तिसऱ्या पेढीने मात्र कारण दिले होते, असेही ती म्हणाली.

"काय कारण?"

"म्हणे, मी हुशार आहे, तयारी उत्तम आहे. पण 'फिट' नाही."

"फिट नाही म्हणजे?"

"म्हणजे त्यांच्यात बसत नाही. त्यांच्या वातावरणात."

"म्हणजे पत्रिका जुळत नाही!" मी म्हणालो.

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि ती खो-खो हसत सुटली. जगभर कारभार पसरलेली पेढी, तिची ती चकचकीत भाषा, आणि आतून निघाली आमच्या गल्लीतल्या ठकूमावशींची युक्ती! पण हसणे ओसरल्यावर तिने लॅपटॉप उघडून माझ्यापुढे धरला. त्यावर दोन मजकूर होते. एक संस्था सोडण्याचा अर्ज. दुसरा पुण्याच्या जुन्या कंपनीला, पुन्हा घेता का, असे विचारणारा.

"मामा, तू भाषेचा माणूस आहेस. एवढं नीट झालंय का बघ. उद्या पाठवायचंय."

मी अर्ज वाचला. व्याकरण निर्दोष होते. विनयात कुठे उणे नव्हते. 'या अभ्यासक्रमासाठी लागणारी कुवत माझ्यात नसल्याचे माझ्या लक्षात आले आहे' असे एक वाक्य त्यात होते, आणि ते इतके सफाईदार होते की एखाद्याला खरेच वाटावे. मी म्हणालो, "मला पाठवून ठेव. तपासून देतो." विद्यार्थ्यांचे कागद तपासायला वेळ लावणे हा आम्हा प्राध्यापकांचा जन्मसिद्ध हक्क आहे, त्याचा इतका सदुपयोग मी पूर्वी कधी केला नव्हता.

संध्याकाळी फराळाला पाहुणे आले. आणि फराळाला आलेला पाहुणा चकलीचा पहिला तुकडा मोडताना जो प्रश्न विचारतो, तो आलाच. "काय गं, लागलं का कुठे?" नाही म्हटल्यावर सांत्वनाला सुरुवात झाली. आपल्याकडे नकाराचे जसे ठरीव प्रकार आहेत, तसेच सांत्वनाचेही आहेत. 'होतं ते चांगल्यासाठीच' हा पहिला. तो नेहमी ज्याचे काही झालेले नसते तो सांगतो. 'त्यांचंच नुकसान' हा दुसरा. तो ऐकायला गोड खरा. पण त्या बड्या पेढीला आपले नुकसान झाल्याचा पत्ताही नसतो, हे ऐकणाऱ्याला पक्के ठाऊक असते. 'सगळा वशिल्याचा बाजार' हा तिसरा. त्याने घटकाभर रक्त उसळते, आणि नंतर लक्षात येते की वशिला असो-नसो, उद्या करायचे काय हा प्रश्न जागच्या जागी आहे. चौथा प्रकार थोरामोठ्यांच्या अपयशांचा. शेजारच्या एका काकांनी मोबाइल काढून वाचून दाखवले, की शेअरबाजारातल्या गुंतवणुकीतून अफाट संपत्ती मिळवणाऱ्या वॉरन बफे यांनासुद्धा हार्वर्डने नाकारले होते!

या चौथ्या प्रकाराविषयी माझी एक तक्रार आहे. ती उदाहरणे नेहमी शेवटाकडून सांगितली जातात. माणूस आधी थोर होतो, आणि मग त्याच्या नकारांना शोभा येते. दहा ठिकाणी नाकारला गेलेला, अकराव्या ठिकाणी लागलेला, आणि तिथे तीस वर्षे नेटके काम करून मुलांची शिक्षणे केलेला जो माणूस असतो, त्याचे चरित्र कुणी लिहीत नाही. पण आपल्या ओळखीची बहुतेक माणसे तीच असतात. त्या संध्याकाळी फराळाला बसलेलीही तीच होती. त्यांतल्या एकाने जरी स्वतःची हकिगत सांगितली असती, तरी बफेसाहेबांना तसदी द्यावी लागली नसती.

पाहुणे गेल्यावर भाची म्हणाली, "मामा, काकांनी बफेची गोष्ट अर्धीच सांगितली." उरलेली अर्धी तिला पाठ होती. १९५० साली हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने त्यांना घेतले नाही, तेव्हा ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. कारण तिथे बेंजामिन ग्रॅहॅम शिकवीत. १९५१ साली शिक्षण संपल्यावर त्यांनी गुरूच्या पेढीत बिनपगारी काम करण्याची तयारी दाखवली. म्हणजे आपल्या जुन्या अर्थाची उमेदवारीच. गुरूने नाही म्हटले. त्या काळी वॉल स्ट्रीटवरच्या पुष्कळ पेढ्या ज्यू तरुणांना दार उघडीत नसत. ग्रॅहॅम स्वतः ज्यू होते, आणि आपल्या छोट्याशा पेढीतल्या जागा ते त्या तरुणांसाठी राखून ठेवीत. पुढे १९५४ साली त्यांनीच बफे यांना बोलावून घेतले.

"म्हणजे बघ," ती म्हणाली, "त्याच्यात काही कमी होतं म्हणून नव्हे. ती जागाच त्याच्यासाठी नव्हती." मग थोडे थांबून म्हणाली, "माझ्या बाबतीत तसंच असेल असं काही नाही म्हणा."

हा प्रामाणिकपणा मला आवडला. तिच्या काही उत्तरांत खोट असेलही. तीन मुलाखतींपैकी एखादी खरोखर वाईट झाली असेल. पण आकडेही काही बोलतात. २०२५ च्या उन्हाळ्यातल्या उमेदवारीसाठी गोल्डमन सॅक्स या एका पेढीकडे जगभरातून साडेतीन लाखांहून अधिक अर्ज गेले, आणि शंभरात एकालाही जागा मिळाली नाही, इतके निवडीचे प्रमाण कमी. आमच्या कॉलेजात मराठीच्या वर्गातली शंभरातली नव्व्याण्णव मुले नापास झाली, तर प्राचार्य मुलांना काही बोलणार नाहीत. ते मला बोलावतील. जिथे शंभरांतून एकच घ्यायचा असतो, तिथे उरलेल्या नव्व्याण्णवांची कुवत मोजलेली नसते. त्यांच्यासाठी खुर्ची नसते, इतकेच. हे गणित तिला माझ्याहून चांगले येत होते. अडचण अशी, की गणित डोक्यात असते आणि नकार पोटात बसतो.

हे मला अनुभवाने माहीत आहे. कायम नोकरी लागण्यापूर्वी सात वर्षे मी तासिका तत्त्वावर शिकवीत होतो. जितके तास घेतले तितके पैसे. सुट्टी लागली की मिळकतीलाही सुट्टी. दरवर्षी जून आला की नव्याने मुलाखती. एका कॉलेजात मुलाखतमंडळाने माझे तोंडभर कौतुक केले, चहा पाजला, 'कळवतो' म्हटले. चहाबरोबर बिस्किटे होती. निवड झालेल्या उमेदवाराला शिपायाकडून स्टाफरूममधल्या कपाटाची किल्ली घेताना मी आत जाण्यापूर्वीच पाहिले होते. अशा दिवशी घरी आलो की आई 'काय झालं?' असे विचारीत नसे. चेहरा वाचता येतो त्याला प्रश्न विचारण्याचे कारण काय? ती पान वाढी. जेवण अर्धे झाले की म्हणे, "काल वर्गात काय शिकवलंस?" मी रागारागाने काहीतरी सांगायला लागे; आणि सांगता सांगता केव्हा तरी त्या कवितेत, त्या धड्यात गुंतून जाई. पुष्कळ वर्षांनी माझ्या ध्यानात आले, की त्या बाईने त्या एका प्रश्नात मला माझी जागा परत दिलेली असे. ज्या दिवशी कुणी मला शिक्षक म्हणून ठेवून घ्यायला तयार नव्हते, त्या दिवशीही आमच्या स्वयंपाकघरात मी शिक्षकच होतो.

तेव्हा त्या रात्री मी भाचीला उपदेश केला नाही. मी विचारले, "तुला त्यांनी विचारलं तरी काय? त्यातला एखादा प्रश्न मला शिकव."

"तुला कंटाळा येईल."

"माझ्या वर्गात पोरांना रोज येतो. मलाही कळू दे कसा असतो तो."

तिने फराळाचे तीन डबे ओढले. चिवड्याचा डबा म्हणजे नफा-तोटा पत्रक, चकलीचा म्हणजे ताळेबंद, लाडवांचा म्हणजे रोख रकमेचा हिशेब. प्रश्न असा होता: कंपनीच्या वहीत घसारा दहा रुपयांनी वाढला, तर या तिन्ही पत्रकांत काय फरक पडेल? घसारा हा शब्द मला माहीत होता. यंत्र वापरून झिजते, त्या झिजेची दरवर्षी वहीत लावायची रक्कम. ती सांगू लागली. घसारा दहा रुपयांनी वाढला की नफा दहाने घटला. नफा घटला म्हणून त्यावरचा करही घटला. कर शेकडा पंचवीस धरला तर अडीच रुपयांनी. म्हणजे निव्वळ नफा साडेसातने खाली. पण घसाऱ्याचे दहा रुपये काही कुणाच्या हातात गेलेले नाहीत. ते नुसते वहीत लिहिलेले. कराचे अडीच रुपये मात्र खरोखरच वाचले. तेव्हा गल्ल्यात अडीच रुपये जास्त.

बोलताना तिचे हात भराभर चालत होते. लाडू या डब्यातून त्या डब्यात जात होते. चार दिवस ठेवणीतले हसू घेऊन वावरणारी मुलगी कुठल्या कुठे गेली, आणि विषय हाताखालचा असलेली एक बाई माझ्यापुढे बसली.

मेहुणे कोपऱ्यात वर्तमानपत्र घेऊन बसले होते. निकाल कळल्यापासून ते घरात फारसे बोललेले नव्हते, असे ताईने मला सांगितले होते. ते एकाएकी म्हणाले, "नफा घटला, मग रोकड वाढली कशी?"

"बाबा, घसारा म्हणजे पैसे जाणं नव्हे. पैसे यंत्र विकत घेतलं त्या दिवशीच गेले. हा नुसता झिजेचा हिशेब."

मेहुण्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. हिशेब खात्यात छत्तीस वर्षे काढलेला माणूस. त्याला हे ठाऊक नव्हते असे मला वाटत नाही. ते म्हणाले, "तसं असेल तर तुझ्या फीचे पैसेही घेतले त्याच दिवशी गेले. आता जे चाललंय तो झिजेचा हिशेब. त्याच्यापायी यंत्र विकायचं नसतं."

भाची काही बोलली नाही. तिने लाडू मोजून परत डब्यात ठेवले आणि झाकणे लावली. दुसऱ्या दिवशी निघताना मी म्हटले, "तुझा अर्ज तपासायचा राहिलाय." ती म्हणाली, "राहू दे. घाई नाही."

पहिल्या दिवसांत ज्यांना जागा मिळत नाहीत, त्यांच्यासाठी निवड पुढे चालूच राहते. बड्या नावांचा लोंढा ओसरला की लहान कंपन्या एकेक करून येतात. आणखी दोन नकार झाले. डिसेंबरात एका लहान बँकेने तिला घेतले. काम इचलकरंजीकडचे, यंत्रमागवाल्यांना द्यायच्या कर्जांची छाननी. ज्या पेढीची स्वप्ने पाहिली होती तिथला थाट इथे नव्हता; विद्यावेतनही बेताचे. त्या दिवशी मी तिचा तो जुना अर्ज ईमेलने परत धाडला आणि वर दोनच शब्द लिहिले: साभार परत.

माझ्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी या दिवाळीत अशी मुले येणार आहेत. कुणी वित्तक्षेत्रातले, कुणी सनदी परीक्षांतले, कुणी परदेशी विद्यापीठांकडून कोरडे ईमेल आलेले. त्यांना नाकारणाऱ्यांनी 'साभार' म्हणायचे सोडून दिले आहे. हजारो अर्जांना यंत्र उत्तर देते, कित्येकदा तेही देत नाही. त्याबद्दल कंपन्यांवर रागावून फारसा उपयोग नाही. पण तो राहून गेलेला शब्द घरात म्हणता येतो. तो शब्दांनीच म्हणायला हवा असे नाही. 'लागलं का कुठे?' याऐवजी 'काय शिकतोयस, मला सांग' एवढे विचारले आणि उत्तर संपेपर्यंत ऐकले, तरी पुरते. चकली तोपर्यंत पळून जात नाही.

मे महिन्यात एका रात्री भाचीचा फोन आला. इचलकरंजीहून. "मामा, नकार मराठीत कसा लिहितात?"

एका यंत्रमागवाल्याचा कर्जाचा अर्ज नामंजूर झाला होता. बँकेचा छापील नमुना इंग्रजीत, दोन ओळींचा. अधिकाऱ्यांनी तिला सांगितले होते की पाहिजे तर मराठीत मसुदा कर. बँकेने कर्ज नाकारताना त्याचे मुख्य कारण लेखी कळवले पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेचे सांगणे आहे, हे तिला तिथे कळले होते. "गंमत बघ," ती म्हणाली, "कर्ज नाकारलं तर कारण लिहावं लागतं. माणूस नाकारला तर लागत नाही." मात्र तिच्या स्वरात कडवटपणा नव्हता. तिला पत्र लिहायचे होते आणि ते चांगले लिहायचे होते.

आम्ही पाऊण तास फोनवर बसलो. पहिल्या वाक्यात लिहिले, की आपला अर्ज वाचला आणि आपल्या कारखान्यात येऊन माग पाहिले. कारण ती खरोखर जाऊन आली होती. बारा मागांपैकी कोणते किती झिजले आहेत, ते तिने आवाजावरून ओळखायला शिकून घेतले होते. दुसऱ्या वाक्यात कारण: दोन वर्षांची विक्री आणि विजेची बिले यांचा मेळ बसत नाही. तिसऱ्यात उपाय: कोणते कागद नीट करून केव्हा पुन्हा अर्ज करता येईल. चौथ्यात, आपली मूळ कागदपत्रे सोबत परत करीत आहोत.

"शेवटी 'साभार' लिहू का?" तिने विचारले.

"लिही."

अधिकाऱ्यांनी मसुद्यातली एक ओळ काढली. बाकी पत्र जसेच्या तसे गेले. कोणती ओळ काढली, ते मी विचारले नाही. तो यंत्रमागवाला नीट केलेले कागद घेऊन पुन्हा आला की नाही, तेही कळायला मार्ग नाही. जून संपला आणि तिची उमेदवारीही संपली. बँकेने कायम नोकरीचे काही म्हटलेले नाही. तेव्हा येत्या हिवाळ्यात कायम नोकरीसाठी पुन्हा एकदा काळा कोट, पुन्हा एक पान, पुन्हा खोल्यांबाहेरच्या त्या खुर्च्या. त्या पानावर इचलकरंजीची एक ओळ वाढली आहे. वक्तृत्वाचे दुसरे बक्षीस तिने काढून टाकले. जागा पुरत नव्हती.